गुडघेदुखीत हालचाल टिकवणे: बारा आठवड्यांच्या गटाच्या नोंदी

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये व्यायाम करावा, यावर आता फारसा वाद नाही. अडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. गुडघा ठणकत असतो आणि आज करायचं की नाही हे त्या ठणक्यावर ठरतं. हा गट त्या सकाळसाठी आखला. व्यायाम फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाला तपासून दिले, मनाची बाजू समुपदेशकाने सांभाळली. असाच गट चालवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत, त्यामुळे व्यायामप्रकारांची वर्णनं इथे जवळपास नाहीत.

तयारीचा आठवडा

प्रवेशासाठी एक्स-रे मागितला नाही. वय ४५ किंवा जास्त, हालचालीबरोबर वाढणारं दुखणं, आणि सकाळचा आखडलेपणा एक तर नाही किंवा अर्ध्या तासाच्या आत सुटणारा, एवढ्यावर निदान करता येतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही तेच सांगते. शिवाय फिल्म हातात असली की सगळं बोलणं फिल्मभोवती फिरतं.

आधी डॉक्टरांकडे कोणाला पाठवायचं याची यादी नोंदणीच्या टेबलावरच ठेवली: गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, गुडघा अडकून सरळ होत नाही, पोटरी एकाएकी सुजून दुखते, चालताना छातीत दुखतं, रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारं दुखणं आणि विनाकारण घटतं वजन.

मोजमापांची पहिली यादी फार लांबली होती. हालचालीच्या भीतीची टॅम्पा प्रश्नावली १७ प्रश्नांची, दुखण्याचा बाऊ होतो का हे पाहणारी १३ प्रश्नांची, त्यावर मनःस्थिती, झोप, रोजची कामं. पाऊण तास कागदांतच जातो आणि शेवटच्या दोन पानांवर लोक एकाच रांगेत सरळ खुणा करत सुटतात. अशी पानं जपून ठेवून उपयोग नाही. शेवटी चार गोष्टी राहिल्या: गेल्या आठवड्यातलं सरासरी दुखणं ० ते १०, 'दुखत असलं तरी ठरलेलं करू शकेन' याची खात्री ० ते १०, पीएचक्यू-२ मधले मनःस्थितीचे दोन प्रश्न, आणि अर्ध्या मिनिटाची उठबस चाचणी. टॅम्पा फक्त ज्यांची खात्री ५ च्या खाली त्यांच्यासाठी.

उठबस चाचणीची खुर्ची बिनहातांची, बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंमी, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर फुली करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. हात टेकावे लागले तर नियमाप्रमाणे गुण शून्य. पण हात टेकून किती जमल्या तेही शेजारी लिहावं, नाहीतर शून्य पाहून माणूस खचतो आणि शेवटी तुलनेला काही उरत नाही. वापरलेल्या खुर्चीवर खूण करून तीच बाराव्या आठवड्यासाठी राखून ठेवली. बैठक दोन-तीन सेंमीने वरखाली झाली तरी आकडा बदलतो.

कालावधी बारा आठवड्यांचा का? डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या 'ग्लॅड' कार्यक्रमात व्यायामाची १२ सत्रं सहा आठवड्यांत होतात, आणि व्यायाम शिकायला तेवढा वेळ पुरतो. पण सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला एक खरोखरचा वाईट आठवडा येईलच असं नाही. तो गटात असतानाच आलेला बरा.

आठवडा १: मनातल्या गुडघ्याचं चित्र

प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. तुमच्या गुडघ्याबद्दल आजवर तुम्हाला जे सांगितलं गेलं ते लिहा. कागदांवर आलं ते असं: गादी झिजलीय. वंगण संपलंय. हाडाला हाड घासतंय. जितकं चालाल तितकं लवकर ऑपरेशन. ज्याच्या डोक्यात हे बसलंय त्याला 'रोज चाला' म्हणणं म्हणजे गुडघा स्वतःच्या हाताने झिजवा असं सांगणं.

उत्तरादाखल आधी व्याख्यान ठेवलं होतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, नसा नसतात. तिला पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळतं आणि त्यासाठी भार पडणं-सुटणं लागतं. एक्स-रेमधली झीज आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. नुसत्या करकर आवाजावरून सांधा बिघडतोय असं म्हणता येत नाही. सगळं खरं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि व्यायामाला उभं राहताना पुन्हा दोन्ही हात मांड्यांवर, श्वास रोखलेला. माहिती कानापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत नाही.

व्याख्यान दहा मिनिटांवर आणून बाकीचा वेळ प्रयोगाला दिला. खुर्चीवरून दहा वेळा उठायचं. त्याआधी लिहायचं: करताना किती दुखेल (० ते १०), उद्या सकाळी किती दुखेल, आणि काय बिघडेल असं वाटतं. मग करायचं आणि खरे आकडे शेजारी लिहायचे. सकाळच्या दुखण्याचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी. अंदाज आधी आणि लेखी हवा. तोंडी विचारला तर नंतर 'मला वाटलंच होतं' असं होतं आणि प्रयोग वाया जातो. बहुतेकांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा जास्त निघतो. ज्यांचा बरोबर निघाला किंवा दुखणं अंदाजापेक्षाही वाढलं, त्यांच्या पाच उठबशा कमी करायच्या, खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करायची आणि प्रयोग पुन्हा. असे दोघे-तिघे असतातच. त्यांना गटासमोर 'बघा, काही झालं नाही ना' म्हणू नये.

एकूणच 'घाबरू नका, काही होत नाही' हे वाक्य गट चालवणाऱ्यांनी टाळावं. दुखणाऱ्या माणसाला ते 'तुमचं दुखणं खरं नाही' असं ऐकू येतं. त्याऐवजी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं: सुरुवातीच्या काही आठवड्यांत दुखणं थोडं वाढू शकतं, तशी तयारी ठेवा, आणि किती वाढलं तर काय करायचं ते आपण ठरवून ठेवणार आहोत. ज्याची आगाऊ कल्पना दिलेली असते ते दुखणं माणूस बऱ्यापैकी निभावून नेतो.

वेळापत्रकातही एक बदल. ७५ मिनिटांच्या बैठकीत गप्पा आधी आणि व्यायाम नंतर ठेवला की गप्पा वाढतात आणि व्यायाम शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला जातो. उलट क्रम लावला: ४० मिनिटं व्यायाम, १० मिनिटं पाणी आणि टेकणं, २५ मिनिटं बोलणं. गुडघा ताजा वापरलेला असताना बोलणं मुद्द्यावर राहतं.

आठवडा २: पायाभूत मोजणी

या आठवड्याला घाई करू नये. पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

गुडघेदुखीतला नेहमीचा घोळ असा: बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची, मग दोन दिवस पाय वर करून बसायचं, अपराधी वाटलं की पुन्हा जोर करायचा. दर फेरीत विश्रांतीचे दिवस वाढतात आणि 'चाललं की दुखतं' हा धडा पक्का होतो. हे मोडायचं तर किती करायचं हे दुखण्याने ठरवता कामा नये, घड्याळाने ठरवावं. दुखण्याऐवजी ठरलेल्या मात्रेवर चालण्याची ही पद्धत विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात जुनाट वेदनेसाठी मांडली. गुडघ्याला ती चपखल बसते.

हिशोबाचा नमुना. सात दिवस नेहमीसारखंच चालायचं, मिनिटं लिहायची: २२, ५, १८, ०, ३०, ४, १२. बेरीज ९१, सरासरी १३. त्याचे ८० टक्के म्हणजे साधारण १० मिनिटं. सुरुवात रोज १० मिनिटांनी, वाईट दिवशीही १० आणि चांगल्या दिवशीही १०. आठवडा नीट गेला तर पुढच्या आठवड्यात मिनिटभराने वाढ, फार तर दोन.

यावर ठरलेला आक्षेप येतो: 'एवढ्याने काय होणार? आठवड्याला दीडशे मिनिटं हवीत ना?' जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला १५० ते ३०० मिनिटांचा आहेच, पण काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं, हेही त्याच सल्ल्यात लिहिलेलं आहे. दीडशेचा आकडा भिंतीवर लावला होता, तो काढून टाकला. शून्यावर असलेल्या माणसाला तो नुसता चिडवतो.

सर्वात अवघड गेलं ते वरचा आकडा पाळणं. वाईट दिवशी दहा मिनिटं लोक ओढूनताणून करतात, चांगल्या दिवशी दहावर थांबत नाहीत. 'आज छान वाटत होतं, चाळीस झाली', पुढचे तीन दिवस वहीत रिकामे. नुसतं 'थांबा' सांगून भागलं नाही. उरलेल्या उत्साहाला वाट काढून दिल्यावर फरक पडला: बसून करायचे हातांचे व्यायाम, किंवा बसून होणारी घरातली रेंगाळलेली कामं, अशी तीन-चार कामांची यादी वहीच्या मागच्या पानावर.

वहीबद्दल. पहिल्या नमुन्यात नऊ रकाने होते. दुसऱ्या बैठकीला आलेल्या वह्यांत आठवड्याच्या सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, शाई एकसारखी ताजी. बैठकीच्या आदल्या रात्री बसून भरलेल्या. नऊचे तीन रकाने केले: ठरलं किती, झालं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किती. 'का झालं नाही' हा रकाना मुद्दाम काढला. तो दिसला की लोक न झालेल्या दिवशी वही उघडतच नाहीत. वही चष्म्याच्या किंवा रोजच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवायची, पेन दोऱ्याने बांधलेलं. कोरी ओळ चालेल, मागाहून भरलेली नको.

आठवडा ३: ठणका उठला तर

नियम एका कार्डावर लिहून दिला. व्यायाम करताना दुखणं ० ते २ असेल तर बिनधास्त. ३ ते ५ असेल तरी चालेल. ५ च्या वर गेलं तर कमी करायचं. आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर मात्रा जास्त झाली.

कागदावर हे सोपं दिसतं. गाडी पहिल्यांदा आकड्यावर अडते. 'किती दुखतं?' 'फार.' 'दहापैकी?' 'आठ.' आणि हे सांगताना माणूस हसत, आरामात उभा. आकड्याला वागण्याची खूण जोडावी लागते. ३ म्हणजे दुखतंय पण दुसऱ्याशी बोलताना विसरायला होतं. ५ म्हणजे विसरायला होत नाही, तरी चाल बिघडलेली नाही. ७ म्हणजे लंगडणं सुरू, वाक्य मध्येच तुटतं. या खुणा दिल्यावर आकडे सरळ झाले.

दुसरी अडचण स्नायूंच्या दुखण्याची. खुर्चीचे व्यायाम नव्याने सुरू केले की एक-दोन दिवसांनी मांडीचा पुढचा भाग भरून येतो. सांगताना सगळे 'गुडघा दुखतोय' असंच सांगतात. नेमकं कुठे, बोट ठेवून दाखवा, म्हटलं की कळतं. पूर्ण तळहात मांडीवर फिरला तर बहुधा स्नायू. बोट सांध्याच्या रेषेवर किंवा वाटीच्या कडेला टेकलं तर गुडघा. पहिल्या प्रकारात मात्रा तशीच ठेवायची, दुसऱ्यात सकाळचा नियम लावायचा.

मात्रा जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी काय? 'विश्रांती घ्या' असं सांगितलं की विश्रांती आठवडाभर चालते. त्याऐवजी वेळ तीच, काम निम्मं. सकाळी सातला दहा मिनिटं चालणं ठरलं असेल तर सातलाच पाच मिनिटं. तेही होत नसेल तर सातलाच बूट घालून दारापर्यंत जाऊन परत. गुडघ्यासाठी दारापर्यंत जाण्याने काही साधत नाही. पण सातची जागा रिकामी राहिली नाही, म्हणजे उद्या नव्याने सुरुवात करावी लागत नाही. दोन-तीन दिवसांत दुखणं उतरलं नाही किंवा सूज दिसली तर फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. वेदनाशामक गोळ्यांचे प्रश्न याच आठवड्यात येतात. ते डॉक्टरांकडे वळवले, गटात उत्तर दिलं नाही.

आठवडा ४: बेत लिहिणं

'जास्त चालायचा प्रयत्न करीन' हा बेत नव्हे. एकाच वहीतला बेत तीन वेळा कसा बदलला ते उतरवून ठेवण्यासारखं आहे.

पहिला: रोज सकाळी चालणार.
दुसरा: सकाळचा चहा झाला की १२ मिनिटं चालणार.
तिसरा: सकाळच्या चहाचा कप धुऊन ठेवला की तिथूनच बूट घालून १२ मिनिटं चालणार. बाहेर पडणं शक्य नसेल तर घरातच, दोन खोल्यांतून, १२ मिनिटं. गुडघा ५ च्या वर असेल तर ६.

दुसऱ्या बेतात 'चहा झाला' हे नेमकं कधी ते ठरत नव्हतं, कारण चहानंतर पेपर, पेपरनंतर फोन. कप धुणं हा क्षण नेमका आहे. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा बेतांचा अभ्यास पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात केला, आणि त्यात जोर आहे तो 'अमुक' नेमकं असण्यावर. तिसऱ्या बेतातल्या अडथळ्यांच्या ओळी माणसाने स्वतः लिहाव्यात. आपण सुचवलेला अडथळा त्याच्या घरात नसतोच.

बेत लिहून झाला की खात्री विचारायची, ० ते १०. ७ च्या खाली आली तर बेत लहान करायचा, माणसाला जोर द्यायचा नाही. इथे प्रश्नाची दिशा सांभाळावी लागते. 'पाचच का, आठ का नाही?' असं विचारलं की समोरचा अडचणींची यादी वाचतो आणि स्वतःलाच पटवून देतो. 'पाच म्हणालात. दोन का नाही म्हणालात?' असं विचारलं की तो जमणाऱ्या गोष्टी सांगू लागतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीतला हा प्रश्न आहे. ऐकायला विचित्र वाटतो, पहिल्यांदा विचारताना आपलीच जीभ अडखळते, तरी सोडू नये.

आठवडा ५: घरची माणसं

घरच्यांना एका बैठकीला बोलावलं. दोन टोकं दिसतात. एकीकडे 'तू बस, मी आणते', इतकं की माणसाला उठायचं कारणच उरत नाही. दुसरीकडे 'झालं का चालून? आज पण नाही?' अशी पहारेदारी. दोन्हीत हेतू चांगला, आणि दोन्हीने हालचाल कमी होते.

घरच्यांसाठी लांबलचक सूचना केल्या तर त्या कागदावरच राहतात. एकच अदलाबदल सुचवली: 'आज किती दुखतंय?' हा प्रश्न बंद, त्याजागी 'ठरलेलं कधी करणार आहेस, सोबत येऊ?' पहिल्या प्रश्नाने लक्ष दिवसभर गुडघ्यावर राहतं, दुसऱ्याने बेतावर येतं. काही जोडीदारांना हे कोरडं वाटलं. 'दुखतंय का विचारायचंच नाही?' दिवसातून एकदा विचारा, वहीत लिहायच्या वेळी, अशी तडजोड झाली आणि ती टिकली.

आठवडा ६: न येणारी माणसं

गळती बहुधा इथे सुरू होते. नवलाई संपलेली असते, फायदा अजून ठळक दिसत नसतो. सलग दोन बैठका चुकल्या की फोन करायचा असं ठरलेलं होतं. ते एका बैठकीवर आणलं. दोन बैठका म्हणजे पंधरवडा, आणि पंधरवड्यानंतर माणसाला परत यायची लाज वाटते.

फोनवर 'का आला नाहीत?' नको. 'काकू, या आठवड्यात गुडघा कसा होता? पुढच्या बैठकीला खुर्चीचे व्यायाम आहेत, बसूनही करता येतील' एवढं पुरतं. फोन दहा मिनिटांचा धरावा. प्रत्यक्षात वीस लागतात, आणि आठवड्याच्या कामात सर्वात जास्त वेळ इथेच जातो. गट आखताना बैठकींइतकाच वेळ फोनसाठी धरावा.

पीएचक्यू-२ याच आठवड्यात पुन्हा घेतलं. ० ते ६ पैकी ३ किंवा जास्त आले तर गटातल्या गप्पांवर भागवायचं नाही, पुढची तपासणी करायला पाठवायचं. ऑस्टिओआर्थरायटिस असलेल्यांत पाचांपैकी साधारण एकाला नैराश्याची लक्षणं असतात, आणि 'आळस', 'कंटाळा', 'वेळ नाही' या नावाखाली ती दडून राहतात. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर त्याच दिवशी, एकांतात, सरळ विचारायचं आणि तज्ज्ञाशी जोडून द्यायचं. हे कोण करणार ते पहिल्या आठवड्याच्या आधीच नावानिशी ठरलेलं असावं.

आठवडा ७: पावलं मोजणं

छोटी नोंद. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकशास्त्रातून नव्हे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोजच्या कामांतल्या अडचणी वाढणारे आणि न वाढणारे यांच्यातली रेषा ६,००० पावलांच्या आसपास दिसली. तेही दूरचं ठिकाण समजावं. सुरुवात स्वतःच्या आठवड्याच्या सरासरीपासूनच.

फोन टेबलावर राहिला तर घरातली पावलं मोजली जात नाहीत, म्हणून फोनचे आणि मनगटी यंत्राचे आकडे एका वहीत मिसळू नयेत. आणि आकडा पुन्हा चांगल्या दिवसांचा मोह वाढवतो. किमान पावलांबरोबर कमाल पावलांचा रकाना घातल्यावरच हे आटोक्यात आलं.

आठवडा ८: डोक्यातली वाक्यं

'सकारात्मक विचार करा' हे पोस्टर एका दिवसात उतरवलं. जिन्याच्या मध्यावर गुडघ्यात कळ आली की मनात येतं: 'संपलं. आता खुर्चीलाच खिळणार.' त्या क्षणी 'मी ठणठणीत आहे' हे खोटं वाक्य कुणालाच उपयोगी पडत नाही. वाक्य खरं आणि तपासून पाहता येण्याजोगं हवं. एका कार्डावर आलेलं: 'अशी कळ मागेही आली होती. कठडा धर, दोन श्वास घे, वहीत बघ, दुसऱ्या सकाळी तीनवर उतरली होती.' वही इथे खरी कामाला येते. धीर देणारं वाक्य तिच्यातूनच काढायचं, समुपदेशकाच्या डोक्यातून नाही.

याच बैठकीत स्नायू ताणून सैल सोडण्याची शिथिलता शिकवली. ड्यूक विद्यापीठात फ्रान्सिस कीफ आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीसाठी तयार केलेल्या वेदना-हाताळणीच्या प्रशिक्षणातही ती आहे. एक दुरुस्ती लागली: मांडी आणि पोटरी पूर्ण जोराने आवळायला सांगितलं की काहींच्या पोटरीत गोळे येतात आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. पायांसाठी जोर निम्मा, पाच सेकंदच. हात, खांदे, जबडा नेहमीसारखे. झोपताना करायला सांगितलं, कारण झोप तुटली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं चढतं.

आठवडा ९ आणि १०: टाळलेल्या गोष्टी

प्रत्येकाने गुडघ्यामुळे टाळत असलेल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीला भीतीचा आकडा दिला. जिना उतरणं जवळपास सगळ्यांच्या यादीत वर. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा दगा देईल ही धास्ती जास्त. पायऱ्या अशा लावल्या: १० सेंमी उंचीच्या फळीवरून उतरणं, दोन्ही हात कठड्याला, तेच एका हाताने, नेहमीच्या उंचीची एक पायरी, मग तीन, मग एक मजला. प्रत्येक टप्प्याआधी पहिल्या आठवड्यासारखा लेखी अंदाज. भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तोच टप्पा, मग पुढचा. आठवड्यातून एकदा गटात केलेल्याने भीती उतरत नाही. घरी रोज लागतं.

आधाराच्या वस्तूंचा प्रश्न नाजूक. नी-कॅप, काठी, कठडा. काहींच्या बाबतीत ती गरज असते, काहींच्या बाबतीत ताईत. निवाडा उठबस चाचणीवर आणि तोलावर केला. आकडा फार कमी किंवा अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर आधी ताकद आणि तोल, आधार काढायचा विषयच नाही. आकडा ठीक असूनही काठी फक्त 'असू दे' म्हणून असेल, तर ती एका ठरावीक सपाट अंतरापुरती घरी ठेवून बघायची. जिन्याचा कठडा कोणालाही सोडायला लावू नये, त्यात काही कमवायचं नाही.

आठवडा ११

फक्त वह्या तपासल्या आणि बेत पुन्हा लिहिले. चालण्याचा कंटाळा आलेल्यांनी सायकल किंवा पाण्यातला व्यायाम निवडला. मिनिटांचा हिशोब नव्याने, ८० टक्क्यांपासून. जुने आकडे नव्या प्रकाराला लावू नयेत.

आठवडा १२: पुन्हा मोजणी, आणि थांबण्याची तयारी

तीच खुर्ची, तीच भिंत. एखाद्या उठबशीचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, त्यावर टाळ्या वाजवू नयेत. काहींचं दुखणं जवळपास तेवढंच राहिलं आणि चालणं, उठबस, खात्री वाढली. 'दुखणं तर गेलं नाही' अशी निराशा तिथे येते. म्हणून निकाल दाखवताना दुखण्याचा आकडा शेवटी ठेवला आणि त्याच्या शेजारी 'तेव्हा एवढं दुखताना किती करत होतात, आता किती करता' हे लिहिलं.

उरलेला वेळ खंडासाठी. आजारपण, प्रवास, घरातलं कार्य, काहीतरी होऊन व्यायाम सुटणार हे गृहीत धरलं. दोन दिवस चुकल्याने बिघडत नाही, 'आता मोडलंच' असं वाटून तिसऱ्या दिवशीही सोडून दिल्याने बिघडतं. व्यसनमुक्तीच्या कामात अॅलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात हाच सापळा दाखवला होता. परतीचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला: खंड आठवड्याचा असेल तर शेवटच्या मात्रेच्या ८० टक्क्यांनी सुरुवात, दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्याने, त्याहून मोठा असेल तर सात दिवसांची मोजणी पुन्हा. हे आकडे गटाने कामापुरते ठरवले आहेत. आजारपणातून उठलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

गट संपल्यावर

बैठका बंद झाल्या की बऱ्याच जणांची हालचाल हळूहळू घटते, म्हणून पाठपुरावा आधीच ठरवून ठेवला: दोन आठवड्यांनी फोन, महिन्याने फोन, तीन महिन्यांनी प्रत्यक्ष बैठक. तारखा बाराव्या आठवड्यातच वहीत लिहून घेतल्या. 'फोन करू' एवढ्यावर सोडलं तर दोन्ही बाजूंनी राहून जातं. फोन घेताना वही पुढ्यात असू द्या असं सांगायचं आणि पहिला प्रश्न गेल्या सात ओळींचा विचारायचा. ओळी कोऱ्या असतील तर परतीच्या हिशोबाचं पान उघडायला सांगून, फोन ठेवण्याआधी उद्याची मात्रा आणि वेळ त्यांच्याच हाताने लिहून घ्यायची.